मुद्दाम की चुकून? – एका प्रश्नाचा इतिहास

शाळेत दिवसभरात शिक्षक जे प्रश्न विचारतात त्यांची यादी केली, तर 'मुद्दाम केलंस का?' हा प्रश्न बराच वर लागेल. शाई सांडते, पट्टी मोडते, प्रयोगशाळेत चंचुपात्र फुटते, पळताना कुणाचा धक्का लागून पहिलीतले मूल पडते. आपण विचारतो, समोरचे मूल 'नाही' म्हणते आणि दोन-चार सेकंदांत आपला निर्णय होऊन जातो.

हा निर्णय आपण कशाच्या आधारावर देतो? सरळ उत्तर असे: मुलाचा हेतू काय होता हे आपण आधी ठरवतो, मग नुकसान किती झाले ते पाहतो आणि या दोहोंवरून त्याचा दोष किती ते ठरवतो. आधी हेतू, मग नुकसान, शेवटी दोष. न्यायाची आपली नेहमीची कल्पना या क्रमावरच उभी आहे.

माणसाच्या मनात हा क्रम खरोखर असाच असतो का? गेली नव्वदहून अधिक वर्षे मानसशास्त्रज्ञ आणि अलीकडे काही तत्त्वज्ञही हा प्रश्न प्रत्यक्ष माणसांना विचारून तपासत आले आहेत. त्यांची सुरुवात लहान मुलांपासून झाली आणि शेवटी परीक्षा झाली ती मोठ्यांची. या शोधाची ही गोष्ट.

प्रश्न जुना, उत्तरेही जुनी

हेतू मोठा की परिणाम, हा वाद आपल्याला नवा नाही. दशरथाने बाण सोडला तो पाणी पिणारा प्राणी समजून. पण त्याने श्रावणाचा प्राण गेला. हेतू वाईट नव्हता, तरी शाप चुकला नाही. ही कथा मुलांना सांगताना वर्गातून 'पण त्याला कुठे माहीत होतं?' असा प्रश्न हमखास येतो. पाली भाषेतील मज्झिमनिकायात उपालिसुत्त नावाचे एक सुत्त आहे. शरीराने केलेले कर्म अधिक दोषास्पद की मनाने केलेले, यावर त्यात वाद झडतो आणि बुद्ध मनाच्या बाजूने उभा राहतो.

कायद्यालाही हा प्रश्न टाळता आला नाही. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये मसुदा तयार केला आणि त्यातून पुढे १८६० चा भारतीय दंडविधान कायदा झाला. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही, असे त्यात म्हटले होते. सात ते बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, आपल्या कृत्याचे स्वरूप आणि परिणाम कळण्याइतकी समज त्याला आली होती का, हे पाहायचे होते. याच कायद्यात 'इच्छापूर्वक' या शब्दाची व्याख्या आहे, आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. परिणाम घडवायचा हेतू असेल तर तो इच्छापूर्वक घडवला असे होतेच. पण हेतू नसताना, असा परिणाम होण्याचा संभव आहे हे माहीत असूनही कृत्य केले, तरीही तो इच्छापूर्वकच ठरतो. कायद्यातले उदाहरण असे: दरोडा सोपा व्हावा म्हणून एकाने रात्री मोठ्या शहरातल्या राहत्या घराला आग लावली आणि त्यात एक माणूस मेला. त्याला मारायचे त्याच्या मनात नसेल, मेल्याचे वाईटही वाटले असेल. तरी असे होण्याचा संभव त्याला माहीत होता, म्हणून मृत्यू इच्छापूर्वक घडवला असे धरायचे. १ जुलै २०२४ पासून या कायद्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिनेही ही व्याख्या आणि मुलांच्या वयाच्या या मर्यादा ठेवल्या आहेत.

पुराणकारांनी, धर्माचार्यांनी आणि कायदेपंडितांनी काय ठरवले ते असे नोंदलेले आहे. साधा माणूस रोजच्या व्यवहारात काय ठरवतो, हे मात्र कुणी मोजून पाहिले नव्हते. 'हे तर कुणीही सांगेल' एवढ्यावर सगळे भागत असे.

गोट्या खेळणारा शास्त्रज्ञ

स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या गावी १८९६ मध्ये जन्मलेल्या जाँ पियाजे याने शिक्षण घेतले ते जीवशास्त्राचे. लहानपणापासून त्याचा अभ्यास गोगलगाई आणि शिंपले या मृदुकाय प्राण्यांचा. पुढे जिनिव्हाच्या रूसो इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना तो मुलांच्या विचारांकडे वळला. मुलांच्या नैतिक निर्णयांवरचे त्याचे पुस्तक १९३२ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाची सुरुवात चोरी किंवा खोटेपणा यांनी होत नाही, गोट्यांच्या खेळाने होते. पियाजेचे कारण साधे होते. बाकीचे नियम मुलांना मोठ्यांकडून मिळतात. गोट्यांचे नियम मात्र मुले मुलांकडूनच शिकतात. तेव्हा नियम म्हणजे काय, हे मुलांना कसे कळते ते इथे निर्भेळ पाहायला मिळेल. तो मुलांजवळ बसे आणि म्हणे, की मी लहानपणी खेळायचो पण आता विसरलो, मला शिकव. खेळता खेळता तो विचारी: हा नियम कुणी केला? तो बदलता येईल का? लहान मुले सांगत, की नियम वडिलांनी केले, गावच्या मोठ्या लोकांनी केले, नाहीतर देवाने. ते बदलणे चूकच. दहा-अकरा वर्षांची मुले म्हणत, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू. गंमत अशी, की नियम अढळ मानणारी लहान मुले प्रत्यक्ष खेळात ते सर्रास मोडत, आणि नियम बदलता येतात असे म्हणणारी मोठी मुले ते काटेकोर पाळत.

शिक्षकाची परीक्षा न घेता शिक्षकच विद्यार्थी होऊन बसला, तर मुले किती बोलतात हे पियाजेने दाखवले. त्याच्या निष्कर्षांपैकी काही पुढे बदलावे लागले, पण ही पद्धत टिकली.

पंधरा कप आणि एक कप

नुकसान आणि हेतू यांच्याविषयी त्याने मुलांना गोष्टींच्या जोड्या सांगितल्या. त्यांतली एक जोडी सर्वांत गाजली. एका मुलाला जेवायला बोलावतात. तो जेवणाच्या खोलीचे दार उघडतो. दारामागे खुर्चीवर तबक आहे आणि त्यात पंधरा कप आहेत, हे त्याला ठाऊक नाही. दाराचा धक्का लागून पंधराच्या पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा, आई घरात नसताना कपाटातला मुरंबा चोरून खायला जातो. खुर्चीवर चढून हात घालताना एक कप पडतो आणि फुटतो. दोघांपैकी अधिक वाईट कोण? आणि का?

अनेक लहान मुलांचे उत्तर होते: पहिला, कारण त्याने पंधरा फोडले. मोठी मुले म्हणत: दुसरा, कारण तो चोरून खायला गेला होता. नुकसान मोजणाऱ्या उत्तरांचे सरासरी वय सुमारे सात वर्षे आले आणि हेतू पाहणाऱ्या उत्तरांचे सुमारे नऊ. म्हणजे वाढ होते ती नुकसानाकडून हेतूकडे, असे चित्र तयार झाले. शिक्षकांच्या अभ्यासक्रमातून हेच चित्र जगभर पोहोचले.

पियाजे स्वतः मात्र जास्त सावध होता. एकच मूल एका गोष्टीत नुकसान मोजते आणि दुसऱ्या गोष्टीत हेतू पाहते, हे त्याने नोंदवले होते. आणि लहान मुले नुकसान का मोजतात, याचे एक कारण त्याने मोठ्यांमध्ये शोधले. घरात एक कप फुटला तर मोठी माणसे थोडी रागावतात, पंधरा फुटले तर फार रागावतात. मूल तो राग पाहते आणि हिशेब शिकते.

इथे त्याचा वाद समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम याच्याशी होता. नैतिक शिक्षणावरची दुर्खाइमची व्याख्याने भावी शिक्षकांसाठी दिलेली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर, १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. शिस्त ही नीतीची पहिली पायरी आणि शिक्षक हा समाजाचा अधिकृत प्रतिनिधी, असे दुर्खाइमचे म्हणणे होते. पियाजे म्हणाला, वरून आलेल्या धाकाने मूल नुकसान आणि शिक्षा मोजायला शिकते; दुसऱ्याचा हेतू समजून घ्यायला ते शिकते ते बरोबरीच्या मुलांशी खेळताना, भांडताना आणि मिटवताना. आपल्याकडे मूल्यशिक्षणाच्या तासाला आपण नेमके काय करतो, हे ठरवताना हा वाद आजही उपयोगी पडतो.

गोष्टीतली अडचण

पियाजेच्या कपांच्या गोष्टी पुन्हा वाचा. त्यात काही खटकते का?

पहिली अडचण ही, की कप फोडायचा हेतू दोघांपैकी एकाचाही नव्हता. दुसऱ्याचा वाईट हेतू मुरंब्याबद्दल होता, कपाबद्दल नव्हे. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची. या जोडीत दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत: हेतूही आणि नुकसानही. झाडाला पाणी आणि खत एकदम देऊन वाढ कशाने झाली असे विचारण्यासारखेच हे. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो, की एका वेळी एकच गोष्ट बदला. तिसरी अडचण: पंधरा कप फुटल्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते; मनातला हेतू दिसत नाही, तो ऐकून लक्षात ठेवावा लागतो.

१९७० नंतरच्या संशोधकांनी या अडचणी एकेक करून दूर केल्या. शॅरन नेल्सन हिने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यांपैकी नमुनेदार आहे. तिची गोष्ट होती मित्राकडे चेंडू फेकणाऱ्या मुलाची. कधी तो मित्राला खेळायला मिळावे म्हणून फेकतो, कधी रागाने त्याला लागावा म्हणून. कधी मित्र चेंडू झेलतो, कधी तो डोक्याला लागून रडतो. हेतू दोन, परिणाम दोन. एकूण चार गोष्टी. शिवाय काही मुलांना नुसती गोष्ट सांगितली, तर काहींना अशी चित्रे दाखवली, की मुलाच्या मनात काय आहे ते चित्रातच दिसावे. हेतू असा डोळ्यांपुढे ठेवला, तेव्हा तीन वर्षांच्या मुलांनीही तो हिशेबात घेतला.

म्हणजे लहान मुलाला हेतू कळतच नाही, हे खरे नव्हते. वयाबरोबर मुले हेतूला अधिक वजन देऊ लागतात, एवढे मात्र टिकले.

मग मोठ्यांचे काय?

पियाजेच्या चित्रात मोठा माणूस शिडीच्या वरच्या पायरीवर उभा होता. तो हेतू पाहतो, हे गृहीत धरले होते. ते तपासायला सुरुवात झाली १९६६ मध्ये.

अमेरिकेतील सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलेन वॉल्स्टर हिने विद्यार्थ्यांना एका तरुणाची हकीकत ऐकवली. त्याने जुनी गाडी चढावर हातब्रेक लावून उभी केली आणि ती घरंगळली. काहींना सांगितले, की किरकोळ नुकसान झाले. काहींना सांगितले, की मोठे नुकसान झाले किंवा होऊ शकले असते. तरुणाने जे केले ते सर्व हकीकतींत तेच. तरीही नुकसान मोठे असेल तेव्हा लोकांनी त्याला अधिक जबाबदार धरले.

विज्ञानात एका प्रयोगावर कुणी थांबत नाही. पुढच्याच वर्षी खुद्द वॉल्स्टरच्या प्रयोगात तो परिणाम मिळाला नाही. इतरांनाही कधी मिळाला, कधी नाही. २००० मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा परिणाम खरा पण लहान असल्याचे दिसले. पंधरा कपांचा हिशेब आपण मोठेपणी पूर्ण सोडून देत नाही, एवढे म्हणता येते.

पण इथे अजून 'जबाबदार किती' एवढाच प्रश्न होता. 'हेतू होता का' या प्रश्नाला कुणी हात लावला नव्हता. हेतू म्हणजे मनात काय होते ही वस्तुस्थिती. नुकसान पाहून ती कशी बदलेल?

आरामखुर्चीतून उठलेले तत्त्वज्ञ

तत्त्वज्ञानात एक जुनी सवय होती. एखाद्या काल्पनिक प्रसंगाची मांडणी करायची आणि 'अशा वेळी आपण सारे अमुकच म्हणू' असे लिहून पुढे जायचे. आपण म्हणजे कोण, हे कुणी विचारीत नसे. नॉर्वेचा आर्ने नेस याने १९३८ मध्ये या सवयीला छेद दिला. सत्य म्हणजे काय, हे त्याने तत्त्वज्ञ नसलेल्या माणसांना विचारले आणि त्यांची उत्तरे छापली. नेस पुढे गांधीजींचा अभ्यासक आणि पर्यावरणाचा तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध झाला. पण ही त्याची वाट साठेक वर्षे जवळजवळ ओस राहिली.

२००० च्या सुमारास काही तरुण तत्त्वज्ञ पुन्हा त्या वाटेने निघाले. या धडपडीला प्रायोगिक तत्त्वज्ञान असे नाव पडले. त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग जोशुआ नोब याचा, २००३ सालचा. तो त्या वेळी विद्यार्थी होता. साधने म्हणाल तर कागद आणि पेन्सिल. जागा न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातली एक सार्वजनिक बाग. तिथे आलेल्या ७८ लोकांना त्याने एक लहानशी गोष्ट वाचायला दिली.

कंपनीचा उपाध्यक्ष अध्यक्षाकडे येऊन सांगतो, की नवी योजना सुरू केली तर नफा वाढेल, पण पर्यावरणाची हानी होईल. अध्यक्ष उत्तर देतो, की पर्यावरणाचे काय होते याच्याशी मला अजिबात कर्तव्य नाही, मला नफा हवा. योजना सुरू करा. योजना सुरू होते आणि पर्यावरणाची हानी होते. निम्म्या लोकांना ही गोष्ट मिळाली. उरलेल्यांच्या गोष्टीत फक्त एक शब्द वेगळा होता: हानी नाही, फायदा. अध्यक्ष तसाच बेफिकीर, त्याचे उत्तर तेच, आणि शेवटी पर्यावरणाचा फायदा होतो.

प्रश्न: अध्यक्षाने पर्यावरणाची हानी मुद्दाम केली का? दुसऱ्या गटाला: फायदा मुद्दाम केला का?

पहिल्या गटात ८२ टक्के लोक म्हणाले, हो, मुद्दाम केली. दुसऱ्या गटात असे म्हणणारे निघाले अवघे २३ टक्के.

थोडे थांबून विचार करा. अध्यक्षाच्या मनात दोन्ही वेळा काय होते? नफा. पर्यावरणाबद्दल काय होते? काहीच नाही. मन तेच, माहिती तीच, बेफिकिरी तीच. बदलला तो फक्त परिणाम. आणि त्यामुळे 'मुद्दाम' या प्रश्नाचे उत्तर उलटले. हेतूवरून दोष ठरतो असे आपण समजत होतो. इथे चांगले-वाईट आधी ठरले आणि त्यावरून हेतू ठरला, असे दिसते.

पियाजेचे लहान मूल पंधरा कप पाहून दोष मोजत होते. नोबचा मोठा माणूस हानी पाहून हेतू वाचत होता. दोघांमधले अंतर आपल्याला वाटत होते तेवढे नाही.

हाच प्रयोग पुन्हा पुन्हा

असे निकाल एका बागेपुरते, एका भाषेपुरते असू शकतात. म्हणून पुढचे काम महत्त्वाचे. अ‍ॅलन लेस्ली, नोब आणि अ‍ॅडम कोहेन यांनी २००६ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा मैत्रिणीच्या घरी बेडूक नेतो. तिला वाईट वाटेल (दुसऱ्या गोष्टीत, आनंद होईल) हे त्याला माहीत आहे, पण त्याची त्याला पर्वा नाही. वाईट वाटले, तर मुले म्हणत, त्याने मुद्दाम केले. आनंद झाला, तर म्हणत, मुद्दाम नाही. मोठ्यांचाच कल चिमुकल्यांत दिसला.

त्याच वर्षी नोब आणि आरुद्र बुर्रा यांनी हाच प्रश्न हिंदी बोलणाऱ्यांना विचारला. इंग्रजीत 'हेतू' आणि 'हेतुपूर्वक' यांचे शब्द एकाच धातूचे आहेत. हिंदीत तसे नाही. 'इरादा' हा शब्द वेगळा आणि 'जान-बूझकर' वेगळा. तेव्हा हा सारा इंग्रजी शब्दांचा खेळ आहे का, हे पाहायचे होते. पण हिंदीतही तोच फरक दिसला. आपल्या 'जाणूनबुजून' मध्येही 'जाणणे' आहे, हेतू नाही. माहीत असून केले, एवढेच तो शब्द म्हणतो. दंडविधानातली 'इच्छापूर्वक' ची व्याख्या आठवा. तीही हेच म्हणते.

प्रायोगिक तत्त्वज्ञानातले सगळेच निकाल असे टिकले नाहीत. फ्लोरियान कोव्हा आणि अनेक सहकाऱ्यांनी या क्षेत्रातले ४० प्रयोग पुन्हा केले आणि २०१८ मध्ये त्याचा हिशेब मांडला. सुमारे ७० टक्के प्रयोगांत पूर्वीचा निकाल पुन्हा मिळाला, उरलेल्यांत नाही. नोबने दाखवलेला फरक मात्र आजवर अनेकांना मिळाला आहे.

हेतूला सगळीकडे सारखेच वजन नाही, हेही पुढे दिसले. क्लार्क बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दहा समाजांतील लोकांना विचारले: बाजारात एकाने दुसऱ्याची पिशवी आपली समजून उचलली, आणि एकाने दुसऱ्याची म्हणूनच उचलली, वाईट किती? लॉस एंजलिसच्या लोकांच्या उत्तरांत मोठा फरक पडला. फिजीतील यासावा बेटावर फारच थोडा. दुसऱ्याच्या मनात काय आहे याबद्दल तर्क करू नयेत असा संकेत त्या भागात आहे. म्हणजे हेतू वाचणे हीसुद्धा समाजाने लावलेली सवय आहे, निदान काही अंशी.

ही चूक की शहाणपण?

मग हानी पाहून हेतू ठरवणे ही आपल्या मनाची चूक आहे का? इथे एकमत नाही. काही म्हणतात, राग आला की दोष द्यायला आपण हेतू शोधतो. तेव्हा ही चूकच. काही म्हणतात, यात चूक नाही. होणारी हानी माहीत असताना माणसाने थांबायला हवे होते. तो थांबला नाही, ही त्याची निवडच झाली. चांगला परिणाम होत असेल तर थांबायचे काही कारणच नव्हते; म्हणून न थांबण्यातून काही कळत नाही.

नोबने पुढे एक विलक्षण गोष्ट विचारली. नाझी जर्मनीत एका कारखानदाराच्या निर्णयाने एक अन्यायी नाझी नियम मोडला जातो. त्याला नियमाची फिकीर नाही, नफ्याची आहे. नियम मोडल्यामुळे लोकांचे भलेच होते. तरीही बहुतेक म्हणाले, नियम मुद्दाम मोडला. नियम पाळला गेला असता तर मात्र कमी लोक म्हणाले, की मुद्दाम पाळला. म्हणजे मुद्दा निव्वळ वाईटपणाचा नाही. कोणताही नियम मोडला गेला, की मोडणाऱ्याचा हेतू आपल्या डोळ्यांत भरतो. नियमाप्रमाणे चालले असता हेतू कुणी शोधत नाही. शाळा ही नियमांनी भरलेली जागा आहे, हे इथे शिक्षकांच्या लक्षात येईल.

ज्याचे नाव आधीच खराब आहे

या साऱ्याचे खरे मोल कुणाला द्यावे लागते, हे केनेथ डॉज याच्या १९८० च्या प्रयोगांत दिसते. त्याने प्राथमिक शाळेतल्या मुलांना तुकडे जुळवायचे कोडे सोडवायला दिले. ते अर्धवट असताना दुसऱ्या कुणा मुलाने ते मोडले असे भासवले. कधी मोडणाऱ्याचा हेतू वाईट असल्याचे कळत होते, कधी चांगला असल्याचे, तर कधी काहीच कळत नव्हते. हेतू स्पष्ट असताना मारकुटी मुले आणि इतर मुले सारखीच वागली. हेतू धूसर होता तेव्हा मारकुट्या मुलांनी तो वाईटच धरला आणि तसे उत्तर दिले.

पण डॉज तेवढ्यावर थांबला नाही. त्याने मुलांना अशाच धूसर प्रसंगांच्या गोष्टी सांगितल्या. करणारा मुलगा मात्र त्यांच्याच ओळखीचा. तो मारकुटा म्हणून प्रसिद्ध असेल, तर मुले म्हणाली, मुद्दाम केले. तसा नसेल, तर म्हणाली, चुकून झाले. कृती तीच. ज्याचे नाव खराब, त्याच्या वाट्याला 'चुकून' हा शब्द येतच नाही. त्याला सगळे वाईट हेतूचा मानतात, आणि तोही सगळ्यांना तसाच मानू लागतो. हे चक्र कुठे तुटेल? वर्गात ते तोडण्याची सर्वांत जास्त संधी कुणाला आहे, हे वेगळे सांगायला नको.

वर्गात करून पहा

नोबचा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात एका तासात होतो. कंपनीच्या जागी साखर कारखाना घ्या. नव्या यंत्राने नफा वाढेल, पण नदीचे पाणी खराब होईल. चेअरमन म्हणतात, 'नदीचं काय व्हायचं ते होवो, मला नफ्याशी काम.' दुसऱ्या चिठ्ठीत 'खराब होईल' च्या जागी 'सुधारेल'. बाकी एक अक्षरही बदलू नका.

चार पथ्ये पाळा. एक, निम्म्या वर्गाला एक चिठ्ठी आणि निम्म्याला दुसरी. दोन्ही चिठ्ठ्या कुणालाही वाचू देऊ नका, नाहीतर मुले तुलना करून उत्तर जुळवतील. कुणाला कोणती चिठ्ठी हे नाणे उडवून ठरवा. दोन, उत्तर आधी लिहून घ्या, चर्चा नंतर. तीन, प्रश्नात शब्द 'मुद्दाम' हाच ठेवा. 'जाणूनबुजून' हा शब्द मराठीत बहुधा वाईट कामासाठीच येतो. तो वापरलात तर उत्तर शब्दातच दडलेले असेल. 'मुद्दाम' दोन्हीकडे चालतो. 'तुझ्यासाठी मुद्दाम आणलं' असेही आपण म्हणतो. चार, वर्गातल्या खऱ्या मुलाचा खरा प्रसंग उदाहरण म्हणून घेऊ नका.

मग दोन्ही गटांचे 'हो' आणि 'नाही' फळ्यावर मांडा. फरक दिसला तर का, नाही दिसला तर का, दोन्हींवर बोलता येईल. चाळीस मुलांच्या वर्गातून पक्का निष्कर्ष निघत नाही, हेही मुलांना सांगा. तोही विज्ञानाचाच धडा आहे. नंतर कपांची गोष्ट सांगून तिच्यात किती गोष्टी एकदम बदलल्या आहेत ते मुलांना शोधू द्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलेल अशा नव्या गोष्टी त्यांनाच लिहायला लावा.

एक प्रयोग फक्त शिक्षकांसाठी. 'मुद्दाम केलंस' असे वाटेल तेव्हा मनाशी दोन प्रश्न विचारायचे. हीच कृती याच मुलाने केली आणि काहीच फुटले नसते, तर मला हेतू दिसला असता का? आणि हेच वर्गातल्या सर्वांत शांत मुलाच्या हातून झाले असते, तर? दोन्ही उत्तरे 'हो' असतील तर आपला निर्णय कदाचित बरोबर असेल. एकही 'नाही' असेल, तर आपण मुलाचे मन वाचत नसून फुटलेले कप मोजत आहोत, ही शक्यता ध्यानात घ्यावी. अशा वेळी पियाजेची युक्ती उपयोगी पडते. 'मुद्दाम केलंस का?' या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर असते, आणि 'नाही' वर आपला विश्वास बसत नाही. त्याऐवजी 'काय झालं, मला पहिल्यापासून सांग' असे म्हणून पहावे. मग मूल बोलू लागते.